उशिरा कळलं तर तीन दिवस

समोरच्या माणसाचं नाव विचारायच्या आधी ते त्याचं मूळ गाव विचारत. रिक्षावाल्याला विचारत, दूधवाल्याला विचारत, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापसाचा बोळा असताना विचारलं. डॉक्टरांना काही कळेना. मग यांनी हवेत बोटानं लिहून दाखवलं, तेव्हा ते बिचारे म्हणाले, "येवला. आता तोंड उघडा." परत येताना गाडीवर मागे बसून, सुजलेल्या गालानं, ते मला सांगत होते की डॉक्टर येवल्याचे आहेत आणि त्यांच्या आजोबांचं घर अजून तिथे आहे.

ते आमचे भाडेकरू. नाशिकच्या इंदिरानगरला आमचं रो-हाउस आहे, त्याचा वरचा मजला आम्ही भाड्यानं देतो. मी त्यांना 'सर' म्हणायचो, कारण ते निवृत्त शिक्षक होते. मॉरिशसमध्ये प्राथमिक शाळेत त्यांनी तीस-एक वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यांचे खापरपणजोबा इथून गलबतात बसून त्या बेटावर ऊस तोडायला गेले ते गेलेच. सरांची बायको वारलेली, मूलबाळ नाही, तिकडे एक थोरला भाऊ तेवढा, आणि चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपलं गाव शोधायचं. भारतीय वंशाचं म्हणून जे कार्ड मिळतं ते त्यांना मिळालं होतं. ते दाखवून ते म्हणत, "या कार्डाने मला देश दिला. गाव दिले नाही."

त्यांचं सगळं बोलणं असंच, धड्यातल्यासारखं. भाजीवालीला म्हणायचे, "ताई, कृपया अर्धा किलो वांगी द्यावीत." ती म्हणायची, "द्यावीत काय, घ्या की हातानं." माझ्या बायकोला पहिले पंधरा दिवस हा माणूस कुठल्यातरी सरकारी तपासावर आलाय असं वाटत होतं. होळीला ते वरून ताट झाकून घेऊन आले. आत डाळीच्या खारट पुऱ्या आणि टोमॅटोची चटणी. "ही आमच्याकडील पुरणपोळी," ते अभिमानानं म्हणाले. बायकोनं दोन खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाली, आणि स्वयंपाकघरात मला म्हणाली, "प्रवासात गूळ सांडला वाटतं."

शर्टाच्या खिशात त्यांच्या एक प्लास्टिक चढवलेला कागद असायचा. बेटावर उतरलेल्या मजुरांची तिथल्या इंग्रज कचेरीनं नोंद ठेवली होती, तिची ही प्रत. नाव, वय बावीस, उंची, खूण: डाव्या भुवईवर व्रण. जातीचा रकाना भरलेला. जिल्हा नाशिक. आणि गावाच्या रकान्यात शाईचा एक भलामोठा डाग. मूळ कागदावरच शाई सांडलेली होती, त्याला कोण काय करणार? सर मात्र तो डाग उन्हात धरून, दिव्याखाली धरून, भिंग लावून पाहायचे. दोन वर्षं पाहत होते.

आणि मी त्यांचा घरमालक कमी आणि वाहनचालक जास्त झालो. दर रविवारी सकाळी सात वाजता ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले असत, आणि हेल्मेट आधीच डोक्यात. आठवडाभर सातपूरच्या कारखान्यात राबून मला एक रविवार मिळायचा. पण तो हेल्मेट घातलेला माणूस पाहिला की 'आज नको' म्हणायची जीभ उचलायची नाही. मग आम्ही निघायचो. गावात गेलं की सर्वांत म्हाताऱ्या माणसाला गाठायचं, कागद दाखवायचा आणि विचारायचं, "आपल्या गावातून पूर्वी कोणी समुद्रापलीकडे गेले होते काय?"

इगतपुरीकडे भर पावसात एका आजोबांनी आम्हाला पडवीत घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं, "रेल्वेत गेले, मुंबईला गेले. समुद्रापल्याड कशाला जातील? इथं पाणी कमी हाय का?" सुरगाण्याच्या बाजूला एक म्हातारा सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाला, "आमची माणसं जात्यात की. दिवाळी झाली का जीप भरून द्राक्षाच्या कामाला जात्यात. पण पावसाच्या आधी माघारी येत्यात. तुमचा म्हातारा आला नाय का मंग?"

त्या दिवशी परतताना पेठच्या घाटात आम्ही चहाला थांबलो तेव्हा सर म्हणाले, "त्यांचा प्रश्न योग्य होता. तो का आला नाही?" मी आणखी एक चहा सांगितला.

आता मी केलेली गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला बसलोय, पण इतका वेळ हेल्मेट आणि वांगी यांच्यामागे लपत होतो.

एप्रिल होता. वणीच्या पुढच्या एका गावातून रिकाम्या हातानं परत येत होतो. ऊन मी म्हणत होतं. टायर पंक्चर झालं आणि आम्ही दोघं गाडी ढकलत निघालो. सर एका निंबाखाली बसले. कागद काढला, पण पाहिला नाही. म्हणाले, "मला वाटते, आता थांबावे. पुढील महिन्यात मी परत जाईन. आपले बरेच रविवार मी घेतले."

मी 'बरं' म्हणायला हवं होतं. माझे रविवार मोकळे झाले असते. पण तिथून दोन किलोमीटरवर आमचं स्वतःचं गाव होतं, मला भूक लागली होती, आणि त्या माणसाच्या डोक्यात निंबाखाली बसूनही हेल्मेट तसंच होतं. मी म्हणालो, "सर, आमच्या भावकीत एक गोष्ट सांगतात. खूप जुनी. तिघा भावांतला धाकटा विहिरीच्या पाण्यावरून भांडून निघून गेला, तो परत आला नाही."

त्यांनी हेल्मेट काढलं. "काही खूण सांगतात काय?"

"बैलगाडीवरून पडला होता लहानपणी. कपाळाला लागलं होतं."

"डावीकडे?"

"डावीकडेच असावं."

असला कोणी धाकटा भाऊ आमच्या भावकीत नव्हता. विहीरही तेव्हा नसावी. खोटं बोलताना इतके बारीक तपशील कुठून सुचतात कोण जाणे. आणखी एक सांगून टाकतो. त्या कागदावरचा जातीचा रकाना आमच्याशी जुळत होता, म्हणून ते खोटं सोपं गेलं. तिथे दुसरा शब्द असता तर मी त्यांना आमच्या गावात, आमच्या घरात भाऊबंद म्हणून नेलं असतं का? हा प्रश्न मी नंतर स्वतःला विचारला, आणि जे उत्तर आलं ते मला आवडलं नाही.

आमच्या भावकीतले सर्वांत थोरले म्हणजे नाना, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वडील गेल्यापासून गावात आमचं म्हणून घर ते त्यांचंच. आम्ही पोचलो तेव्हा ते खळ्यात टोमॅटो निवडून क्रेटमध्ये भरत होते. मला वाटत होतं, नाना एका वाक्यात उडवून लावतील आणि मी सुटेन. मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी खाली बघून. नानांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, सरांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बसा. जेवून जा."

भाकरी खाताना सरांनी नानांना काय विचारावं? शेती किती, देव कुठला, असं काही नाही. त्यांनी विचारलं, "आपल्या भावकीत मृत्यू झाला तर सुतक किती दिवस पाळतात?"

मी पाण्याचा तांब्या ओढला. नानांनी मात्र शांतपणे सांगितलं, "दहा दिस. देवाला हात लावायचा नाय, गोड खायचं नाय. दहाव्याला डोकं उतरायचं. आन दहा दिस उलटून गेल्यावर कळलं, तर तीन दिस. कळलंच नाय तर काय नाय."

सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. पंक्चर काढून परत येताना त्यांनी मला समजावलं. त्यांचे आजोबा वारले तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. दारात शेजारी जमले, रडले, सगळं झालं, आणि मग वडील म्हणाले, आता कळवायचं कोणाला? कळवण्यासारखं कोणी नव्हतंच. "आनंदाची बातमी बाजारातही सांगतात," सर म्हणाले. "सुतक मात्र ज्याला लागते त्यालाच कळवतात. मला कोणी कधीच कळवले नाही." गाडीच्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी आरसा फिरवला.

ते परत गेले नाहीत. पुढची तीन वर्षं वरच राहिले, आणि मी त्या खोट्याच्या खाली राहिलो.

दोन महिन्यांत गावाकडची एक लांबची चुलती गेली. मला भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि कारखान्यात कोणाचा तरी वाढदिवस होता, तिथे केक खाल्ला. संध्याकाळी सर खाली आले. बायकोनं त्यांना सहज सांगितलं होतं, चुलतीचंही आणि केकचंही.

"आपण केक खाल्लात?"

"लहानसा तुकडा, सर."

दहा दिवस त्यांच्या देवांवर पांढरं फडकं होतं. बायकोनं दिलेली खीर त्यांनी वाटीसकट परत केली. दहाव्याला पहाटे एसटीनं गावाला गेले, न्हाव्यापुढे बसले आणि गुळगुळीत डोक्यानं परत आले. गावात पोरं हसली म्हणे. मी काही गेलो नव्हतो. कंपनीत ऑडिट होतं, आणि नसतं तरी दुसरं काही असतंच.

मग हे नेहमीचंच झालं. गावात कोणी गेलं की सरांची दाढी वाढायची. आमच्या कॉलनीतले लोक मला विचारायचे, तुमच्या वरच्यांच्या घरात सारखं कोण जातं हो? एकदा एका चुलतभावाचं त्यांना महिन्यानं कळलं. ते तडक जिना उतरून आले. "मला कळवले का नाही? मी भावकीतला नाही काय?" मी म्हणालो, राहून गेलं सर. त्यांनी वही काढली, बोट ठेवून वाचलं, आणि तीन दिवस पाळले.

मला मात्र धाक बसला. फोनवर नानांचं नाव दिसलं की मी तो उपडा ठेवून वाजू द्यायचो. आज कोणीतरी सरांना सांगितलं असणार की असा कोणी धाकटा भाऊ नव्हता. सर गावाला गेले की संध्याकाळी फाटक वाजेपर्यंत मी खिडकीपाशी. त्यांच्या पावलांचा आवाज नेहमीसारखा आहे का ते ऐकायचो. मी स्वतः गावाला जाणं जवळजवळ सोडून दिलं. बायको म्हणायची, "सांगून टाक. माणूस समजूतदार आहे." मी म्हणायचो, सांगतो. आणि रविवार जायचा.

नानांच्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा तर कहर झाला. पत्रिकेत 'आपले नम्र' खाली सगळ्या भावकीची नावं असतात. माझ्या नावाखालच्या ओळीत सरांचं नाव छापलेलं होतं, कंसात 'मॉरिशस'. इतके दिवस ते खोटं माझ्या तोंडापुरतं होतं. आता ते हजारभर घरांत हळदीकुंकू लावून गेलं होतं. सरांनी ती पत्रिका बाजारात नेऊन तिच्यावर प्लास्टिक चढवून आणलं, आणि त्या जुन्या कागदाबरोबर खिशात ठेवली. त्यांनी फेटा विकत घेतला. बांधायचा सराव म्हणून तो घालूनच ते दूध आणायला जात. नानांनी त्यांना काम दिलं होतं, वऱ्हाडी मंडळींचं दारात स्वागत करायचं. ते मला सारखं विचारत, "वरपक्षाच्या ज्येष्ठांना आधी गाव विचारावे की आधी नमस्कार करावा?"

लग्नाला आठ दिवस राहिले आणि सर खाली येईनासे झाले. जिन्यावरूनच म्हणाले, "ताप आहे. संसर्गजन्य असू शकेल. आपण वर येऊ नये." बायको जेवण पायरीवर ठेवायची. पोळी-भाजी जायची, शिरा तसाच परत यायचा. तापात तोंड कडू होतं, आम्ही म्हटलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको म्हणाले. लग्नाच्या सकाळी आम्ही आवरून निघालो तेव्हा त्यांनी दार जरासं उघडून फेटा बाहेर काढला. "हा नानांना द्यावा. कोणाला तरी उपयोगी पडेल."

मांडवात मला जो तो विचारत होता, बेटावरचे भाऊ कुठे? गावात त्यांना सगळे 'बेटावरचे भाऊ' म्हणत. नानांनी तर तीनदा विचारलं. स्वागताच्या दारात त्यांच्या जागी कोणीतरी उभं होतं. मी सांगत होतो, ताप आहे. आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. इतक्या माणसांत ते आले असते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्या तिघा भावांची गोष्ट विचारत फिरले असते. मी पोटभर जेवलो.

संध्याकाळी घरी येऊन बुंदीच्या लाडवांचा पुडा घेऊन वर गेलो. पावलं वाजवली नाहीत. दार लोटलेलंच होतं.

सर खिडकीपाशी सतरंजीवर बसले होते. गालांवर आठ-नऊ दिवसांची पांढरी दाढी. कोपऱ्यात देवांवर पांढरं फडकं.

मी लाडवांचा पुडा पाठीमागे लपवला. का ते मलाही कळलं नाही.

"सर, कोण?"

"थोरला बंधू. मागील शनिवारी. पुतण्याने फोन केला."

"अहो मग सांगितलं का नाही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी वर्गात पाढा चुकलोय. "कसे सांगणार? लग्नाला आठ दिवस होते. देवक बसायचे होते. नानांना कळले असते तर साऱ्या भावकीला सुतक लागले असते. आपल्या मुलीचे लग्न थांबले असते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कळेपर्यंत सुतक नसते. नानांनीच सांगितले आहे. म्हणून कळू दिले नाही."

मी खाली बसलो. त्यांचा सख्खा भाऊ गेला होता आणि ते नऊ दिवस त्या खोलीत एकटे बसून होते. रडलेही असतील तर आम्हाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. खाली आम्ही मेंदीची गाणी लावली होती. आणि हे सगळं कशासाठी, तर मी एका दुपारी भुकेच्या वेळी उभ्या केलेल्या माणसासाठी. माझ्या तोंडाशी आलं होतं, सर, तुम्ही आमचे कोणी नाही, त्या लग्नाला तुमचं सुतक लागलंच नसतं, तुम्ही मोकळेपणानं रडायला हवं होतं. पण हे वाक्य त्या दिवशी कोणाला कसं सांगायचं?

तेच म्हणाले, "मी चूक केली काय? इतरांनी मला कळवावे म्हणून मी रागावत असे. आता मीच कळवले नाही. नाना रागावतील?"

"नाही रागावणार, सर."

"आणि आपण ओळखलेत. मी कळवलेले नाही. त्यामुळे आपल्याला लागत नाही. लाडू खाली जाऊन खावेत."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाचा दहावा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना रामकुंडावर नेलं. न्हाव्यानं त्यांचं डोकं भिजवलं आणि माझ्याकडे वस्तरा दाखवून विचारलं, "हे बी बसणार का? भावकीतले ना?" मी पुढे व्हायच्या आत सर म्हणाले, "नाही, नाही. यांना अद्याप कळलेले नाही." न्हाव्यानं माझ्याकडे पाहिलं. मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. डोकं उतरवून झाल्यावर तो माणूस एकटाच पायऱ्या उतरून पाण्यात गेला, आणि त्याच्यामागे उभं राहायला कोणी नव्हतं. एवढी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी मी एकटा गावाला गेलो. नाना तेव्हाही टोमॅटोच निवडत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. निंब, पंक्चर, धाकटा भाऊ, डावी भुवई. नानांचा हात थांबला नाही. मी गप्प झाल्यावर म्हणाले, "आपल्यात कोण समुद्रावर गेलं असतं, तर माझ्या आज्यानं गावाला रोज ऐकवलं असतं. त्याला दुसरा इषय नव्हता."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"तू खाली बघून बोलत व्हता. लहानपणापासून तुझं तसंच हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिशी भुकेला व्हता तो, म्हणून नाय बोललो. मागून बोलायची गरजच पडली नाय." त्यांनी एक नासका टोमॅटो बाजूला फेकला. "तीन वर्सांत पाच मयतं झाली आपल्यात. तो चारीला आला, पाचवं उशिरा कळलं तरी पाळलं. तू किती आला?"

मी एकालाही गेलो नव्हतो.

मग मी त्यांना सरांच्या भावाचं सांगितलं. लग्नाच्या आधी गेला, आणि लग्न मोडू नये म्हणून सरांनी कळू दिलं नाही, तेही. आता मात्र नानांचा हात थांबला. त्यांनी क्रेट पायानं बाजूला सारलं. मग बोटांवर मोजलं. "शनवारी गेला म्हंतो. आज सोळावा दिस. दहा उलटून गेले." घरात हाक मारली, "ए, देवावर फडकं टाका. आन ते लग्नातलं गोड काय उरलंय ते गड्यांना देऊन टाका. तीन दिस."

मी म्हणालो, "नाना, पण ते आपले नाहीत हे तर तुम्हाला..."

"खोटं तू बोलला. आम्ही पाळलं. फोन लाव त्याला."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. नाना मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, थोरल्याचं आम्हाला आज कळलं. उशीर झाला. तीन दिस धरलेत सगळ्यांनी." पलीकडून सरांचं रडणं आलं, मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल असं. नानांनी फोन कानापासून दूर केला नाही. अधूनमधून नुसतं "हां" म्हणत राहिले.

निघताना मी विचारलं, सरांना खरं सांगू का? नाना म्हणाले, "कोणासाठी सांगतो? त्याच्यासाठी, का तुझं पोट हलकं व्हावं म्हणून?" मी अजून सांगितलेलं नाही. ते तीन दिवस मी पाळले. आयुष्यात पहिल्यांदा. कारखान्यात पेढे आले, मी नको म्हणालो. कोण गेलं म्हणून विचारलं, तर म्हणालो, मॉरिशसचे चुलते.

त्या दिवाळीनंतर सर परत गेले. वहिनी आजारी होत्या, आणि पुतण्या हॉटेलात नोकरी करायचा, त्याला एकट्याला जमेना. सहा महिन्यांत येतो म्हणाले. खोलीत फेटा ठेवून गेले. नानांनी तो लग्नानंतर परत पाठवला होता. जाताना मुंबई नाक्यावर बसची वाट बघत असताना त्यांनी खिशातून तो जुना कागद काढून मला त्याची मागची बाजू दाखवली. मागे एक नवा कागद चिकटवला होता, आणि त्यावर त्यांच्या त्या शाळेतल्या सुंदर अक्षरात दोन ओळी होत्या. पहिली, 'माझे काही बरेवाईट झाल्यास त्वरित कळवावे.' दुसऱ्या ओळीत नानांचं आणि माझं नाव, फोन नंबर. "हा मी पुतण्याकडे देईन," ते म्हणाले. "तो कळवील. आपल्याला उशीर होणार नाही."

अक्षराचं कौतुक करून मी त्यांना बसमध्ये बसवलं. घरी येऊन फाटक उघडताना माझ्या डोक्यात आलं. त्या पुतण्याला मराठी वाचता येत नाही. सरांनीच एकदा सांगितलं होतं, तो मराठीच्या वर्गाला फक्त गणपतीतल्या लाडवांसाठी बसायचा. आणि यांनी आकडेसुद्धा देवनागरीत लिहिले होते. मी तिथूनच फोन केला. बस महामार्गाला लागली होती, आवाज तुटत होता. मी सांगितलं, सर, इंग्रजीत लिहा. ते म्हणाले, "मी त्याला शिकवीन. तेवढ्या दोन ओळी तरी."

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. वहिनींची तब्येत, ऊस, वादळ, आणि शेवटी, "त्याला अक्षरे आली. आता पहिली ओळ वाचतो." गेले पाच रविवार फोन आलेला नाही. मी लावतो, वाजतो, कोणी उचलत नाही. पुतण्याचा नंबर मी कधी मागून घेतला नाही. पहिली ओळ त्याला येते. आमची नावं दुसऱ्या ओळीत आहेत.

आता फोनवर नानांचं नाव दिसलं की मी तो उपडा ठेवत नाही, पहिल्या रिंगलाच उचलतो. तेही रविवारीच करतात.

"बेटावरनं काय?"

"काही नाही, नाना."

"बरं." मागे क्रेट सरकवल्याचा आवाज येतो. "कळलं का लगेच सांग. आन उशिरा कळलं तरी सांग. तीन दिस हायेतच."